हकीकत जिवंत पेशींच्या सूक्ष्मदर्शकाची आणि दरबारी कांद्याची

श्रीसरस्वती प्रसन्न. भिंगातून पाहणारा आणि भिंगाखाली असणारा, उभयतांचे कल्याण असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. ते समयी विद्येच्या एका राज्यात हेमांगीबाई नाडगौडा म्हणून शास्त्रज्ञ होत्या, कर्करोगाशी त्यांचे हाडवैर. बाईंचा अनुभव ऐसा की, रोगाच्या पेशींवर औषध घालावे, शंभरांतील नव्वद मराव्या, आणि दहा चिवट निघून पुन्हा वाढीस लागाव्या. त्या वाचतात कैशा, हे कोणी पाहिले नव्हते. कारण जुन्या यंत्राखाली पेशी धरावी, तो प्रखर उजेडानेच तिचा प्राण जाई, आणि बाईंच्या हाती मेलेलीची तसबीर तेवढी राही. नऊ वर्षे ऐसीच गेली. मग मंद उजेडाचे, पेशीस अंगाच्या उबेत ठेवून दिवसभर पाहू देणारे यंत्र घ्यावे ऐसी मसलत ठरली, आणि कुलगुरूमहाराजांनी मंजुरी दिली. परंतु एकदा यंत्र घेतले की बारा वर्षे दुसरे नाही, ऐसा राज्याचा शिरस्ता. चुकीचे आले तर बाईंची उमेद त्यातच सरावयाची.

आता राज्याचे भांडारप्रमुख दिनकरपंत उकिडवे मोठे करडे, नियमाबाहेर टाचणीही न देणारे. त्यांचे कपाटात कांद्याच्या पापुद्र्याची एक काचपट्टी होती, चाळीस वर्षांची, जांभळी रंगविलेली, लाल फडक्यात गुंडाळलेली. राज्यात जे जे सूक्ष्मदर्शक आले ते या कांद्यावर पारखूनच आले. रथसप्तमीस दोन सौदागर दोन यंत्रे घेऊन दाखल जाहले, खरेदीचा दरबार भरला, आणि पंतांनी फडके सोडून कांदा पुढे ठेविला. जिवंत पेशींस आपलेच यंत्र योग्य, ऐसे दोघेही सांगत, परंतु पहिले यंत्र प्रखर उजेडाचे. त्यात कांदा ऐसा झळकला की सभासद वाहवा करते जाहले. दुसरे मंद, त्यात कांदा फिका, उदास दिसला. मग काय विचारता, पंत लेखणी घेऊन पहिल्याचे नाव लिहू लागले, आणि बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा बाई उठून बोलत्या जाहल्या, "पंत, हा कांदा माझ्या जन्माआधी मेला आहे. त्यास उजेडाचे भय काय?" पंत म्हणाले, "बाई, या कांद्याने आजवर दगा दिलेला नाही." बाई म्हणाल्या, "देणारही नाही. पण मला जिवंत पेशी पाहावयाच्या आहेत. दोन्ही यंत्रांखाली त्या दिवसभर ठेवू, आणि आपण स्वतः बसून पाहा. मग आपण लिहाल ते मला मान्य." पंत करडे खरे, परंतु मनाचे खोटे नव्हते. "पाहू नये ऐसे काही नियमात नाही," म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेविली, आणि दुसरे दिवशी सकाळीच जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत येऊन बसले.

पहिल्या यंत्रात दोन प्रहरांच्या आत सगळ्या पेशी आकसून गोळा जाहल्या, औषध न घातलेल्याही उरल्या नाहीत. दुसऱ्यात औषधाने बहुत पडल्या, आणि कोपऱ्यातील एक पडता पडता राहिली. तिने शेजारणीस केसाहून बारीक धागा लाविला, आणि त्या धाग्यातून काही कण ओढून घेतले, आणि हळूहळू सावरून बसली. "ऐसी वाचते तर," इतकेच बाई बोलल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. पंतांचा डबा उघडावयाचा राहिला होता. ते म्हणाले, "बाई, हा धागा तोडता येईल काय?" बाई म्हणाल्या, "आजवर दिसतच नव्हता, पंत. आता प्रयत्न तरी करता येईल." मग पंतांनी दुसऱ्या यंत्राचे नाव लिहिले, आणि जिवंतासाठीचे यंत्र जिवंतावरच पारखावे, ऐसे कलम नियमात स्वहस्ते वाढविले.

वैशाखात यंत्र आले. पंत अद्याप दर शनिवारी डबा घेऊन जातात, आणि "धाग्याचे काय जाहले?" म्हणून पुसतात. गेले शनिवारी बाईंनी सांगितले की, शंभरांत दहा वाचत होत्या, आता सात वाचतात.

येणेप्रमाणे यंत्र राज्यात आले, कांदा सन्मानाने लाल फडक्यात परतला. लढाई बाकी आहे, परंतु शत्रू आता दिसतो. जैसे घडले तैसे लिहिले.