तुरुंगाइतकं वाईट

माणूस सुधारण्याच्या शासनमान्य जागा दोनच: तुरुंग आणि व्यसनमुक्ती केंद्र. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात केंद्रात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. अट एवढीच, की केंद्र तुरुंगाइतकं वाईट असलं पाहिजे. (अट रास्त आहे. चांगल्या जागी राहून माणूस सुधारला, तर शिक्षेचा अपमान होतो.)

तिथल्या ओरिन क्वास्निकॉफने गोळ्यांच्या नशेत शेजाऱ्याची मासेमारीची होडी पळवून धक्क्यावर आपटली होती. शिक्षा दहा महिने. निकालाआधी तो कोर्टाच्या हुकमावरून दोनशे चौदा दिवस केंद्रात राहिला आणि गोळ्या सुटल्या. ते दिवस वजा व्हावेत म्हणून अर्ज होता.

"तोंड पाडून बस," वकील डेला मॅडमनी बजावलं. "ठणठणीत दिसलास की मेलास."

केंद्र चालवणारी हेटीमावशी साक्षीला उभी राहिली.

"दाराला कुलूप?" डेला मॅडमनी विचारलं.

"पहिले साठ दिवस."

"फोन?"

"तेव्हा बंद."

"संडासला?"

"सांगून जायचं."

न्यायाधीशांचा चेहरा खुलला.

"आणि जेवण?"

हेटीमावशी ताठ झाली. "सूप मी स्वतः करते. सॅमन माशाचं. शपथेवर त्याला वाईट म्हणणार नाही."

डेला मॅडमनी डोळे मिटले. सरकारी वकिलांनी सूप लिहून घेतलं आणि ते ओरिनकडे वळले.

"साठ दिवसांनंतर कुलूप नव्हतं. मग गेला का नाहीस?"

'कायद्याच्या धाकाने' हे उत्तर पाठ होतं. पण समोर मावशी बसली होती.

"जावंसं वाटलं नाही, साहेब. तिथं झोप लागायची."

साठ दिवस मंजूर झाले. उरलेले एकशे चोपन्न नामंजूर. त्या काळात आरोपी स्वखुशीने बरा होत होता.

"पळालो असतो तर?" बाहेर ओरिनने विचारलं.

"तर नवा गुन्हा," डेला मॅडम म्हणाल्या.

मावशीचा चेहरा उतरला होता. "सूप बेचव होतं म्हणायला हवं होतं का रे?"

"नको, मावशी. आत आठवायला काहीतरी लागेल."

निकाल कायद्याला धरून आहे. 'होडी पळवली ना, मग भोग' असं वाचकांनीही मनात म्हटलं असेलच. त्यांनी फक्त स्वतःची रोजची कामाची जागा डोळ्यांपुढे आणावी: कुणी कोंडलेलं नाही, बरंही वाटत नाही, आणि तरी बावीस वर्षं झाली. वजावटीसाठी अर्ज करायला हरकत नाही. गुन्हा कोणता, एवढा रकाना मात्र भरावा लागतो.