तिसऱ्या पंगतीचं ऊन

किरणकुंज सोसायटीत सी विंगला मिळायचं ते ऊन उष्टं असायचं. समोर टॉवर झाल्यापासून सकाळी गच्चीवर उन्हाचा एकच पट्टा उतरे. तो आधी ए विंग खायची, मग बी, आणि उरेल ते सी. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

सी विंगमधल्या मैथिली सुर्वेला वाटलं, तेही आईचा रिपोर्ट आल्यावर. त्या हिवाळ्यात आईला दोनदा न्यूमोनिया झाला होता.

"ड जीवनसत्त्व भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ते खानविलकरांचं आहे."

"ए विंगमधल्या खानविलकर आजोबांचं?"

"पहिल्या पंगतीला पहिले तेच बसतात ना? पहिला घास ज्याचा, ऊन त्याचं. त्यांना होणारे आजार आता आईंना होणार नाहीत. प्रोस्टेटची तर अजिबात काळजी नको."

"आणि न्यूमोनिया?"

"तो आईंचा स्वतःचा. त्याला ताजंच ऊन लागतं. तिसऱ्यांदा झाला तर झेपणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

मैथिली तडक सेक्रेटरी पेंडशांकडे गेली.

"तिसरी पंगत म्हणजे कमीपणा नव्हे, बाळ," पेंडसे म्हणाले. "कधी उपाशी उठवलंय तुम्हाला?"

"पण काका, उष्टं का?"

"मग काय, चांगलं ऊन टाकून द्यायचं?"

समाजशास्त्रात एम.ए. करूनही मैथिलीला याचं उत्तर सुचेना. न सुचल्याने ती आणखी भडकली. सर्वसाधारण सभेत तिने ठराव मांडला: सगळ्यांची एकच पंगत. भांडायची पूर्ण तयारी करून ती गेली होती. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आता कुणावर चिडायचं, तेच तिला कळेना.

रविवारी गच्चीवर तिन्ही विंगच्या खुर्च्या एका ओळीत लागल्या. ऊन आलं. कुणीच सुरुवात करेना.

"घ्या, खानविलकर."

"छे हो, रोज मीच असतो. आज तुम्ही."

"तुमच्याआधी? भलतंच!"

"सावकाश होऊ द्या," म्हणत पेंडसे ओळीतून फिरत होते. टॉवरची सावली शेवटच्या खुर्चीला येऊन टेकली.

"अहो, खा ना कुणीतरी!" मैथिली ओरडली. सगळे तिच्याकडे बघू लागले. पोरीला वळण नाही, असं कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात आई खोकली. तिने शाल काढून मांडीवर ठेवली, उन्हाकडे तोंड केलं आणि खायला लागली. मग सगळेच जेवले.

त्यानंतर रोज एकच पंगत बसू लागली आणि सुरुवात आई करू लागली. पावसाळ्याच्या तोंडावर रिपोर्ट आले. आईच्या अंगातलं जीवनसत्त्व आईचंच होतं. बाकी सगळ्यांच्या अंगातलंही आईचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानविलकर आजोबा सी विंगच्या जिन्यात उभे होते. डोळे तारवटलेले.

"सुर्वेबाई, न्यूमोनिया मला आता जन्मात होणार नाही. पण रात्रभर बाथरूमला ये-जा चाललीय हो. आज जरा मी सुरुवात केली तर?"

मैथिलीने तोंड उघडलं. अन्यायाविरुद्ध बोलायचं हे नक्की होतं. फक्त तो नेमका कुठल्या बाजूला आहे हे तिला आठवेना.

आईने खुर्ची उचलली.

"सावकाश होऊ द्या, आजोबा," ती म्हणाली आणि गच्चीचा जिना चढू लागली.