दिवे घालवणारं व्याख्यान

"आमचं सभागृह स्वतः विचार करतं!" महिनाभर शाश्वत सर भेटेल त्याला अडवून सांगत होते. विद्यापीठात त्यांना सगळे शाश्वत सरच म्हणत, कारण ते शाश्वत विकास केंद्राचे प्रमुख. केंद्र म्हणजे वाहनतळामागची एक खोली, एक टेबल आणि स्वतः सर. स्वप्नं मात्र अख्ख्या शहराला पुरतील एवढी! विद्यापीठानं नुसत्या पदव्या वाटू नयेत, नीट कसं जगायचं ते आधी स्वतः जगून दाखवावं, मग शहर आपसूक शिकेल, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात सभागृहापासून झाली होती. खुर्च्यांमध्ये कुणी हललं की दिवे आणि माईक चालू, सगळे निश्चल झाले की बंद!

"सर, एक सेन्सर मंचावरपण लावू का?" वायरमननं विचारलं होतं.

"कशाला? वक्ता एकटाच असला तर दिवे कुणासाठी जाळायचे?" सर ऐटीत म्हणाले.

आज दुपारी विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. सरांचं व्याख्यान ऐकायचं, सभागृह बघायचं आणि केंद्र ठेवायचं की त्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरायच्या ते ठरवायचं, असा बेत होता. सरांनी बायकोला पहिल्या रांगेत बसवलं.

"दिवे गेले तर नुसता हात हलव."

"म्हणजे तुमचं ऐकून लोक झोपतात, हे तुम्हाला माहीत आहे तर!"

झोप हा शब्द तिच्या तोंडी आला की सर घाईनं विषय बदलायचे. ती नर्स होती. निवृत्त झाली, रात्रपाळी सुटली, पण झोप काही परत आली नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. रात्रभर ती छताकडे बघत पडायची आणि सर तिच्याकडे बघत.

व्याख्यान सुरू झालं. समितीच्या पोटात जेवण, डोक्यावर पंखा, खिडक्यांना पडदे आणि कानात सरांचा पिंजलेल्या कापसासारखा आवाज! थोड्याच वेळात दिवे गेले. बायकोनं हात हलवला, दिवे आले.

"वा! काय वेळ साधून प्रात्यक्षिक दाखवलंत!" समितीच्या अध्यक्षबाई दचकून टाळ्या वाजवत म्हणाल्या. सरांची छाती फुगली.

दिवे पुन्हा गेले. सरांनी मंचावरून दोन्ही हात हलवले. मग नाचून पाहिलं. सेन्सरला त्यांची फिकीर नव्हती!

"अगं!" ते कुजबुजले. अंधार तसाच. चाचपडत ते मंचाच्या शेवटच्या पायरीपर्यंत आले. आणखी एक पाऊल टाकलं की खुर्च्या, म्हणजे दिवे! त्यांनी पाऊल उचललं आणि पडद्याच्या फटीतून आलेल्या उजेडात त्यांना बायको दिसली. मान एका बाजूला, ओठ किंचित उघडे. गाढ झोपली होती!

सरांचं पाऊल हवेतच राहिलं. दिवे लागले तर समिती जागी होणार, केंद्र वाचणार. पण ही उठणार! इतक्या महिन्यांनी लागलेली झोप!

मरू दे केंद्र, असं म्हणून सर पायरीवर बसले. पण आवाज थांबला तरी ती जागी व्हायची, म्हणून ते माईकशिवायच हळू बोलत राहिले. छपराछपरावर पाणी साठवायला शिकवत विद्यापीठाची पोरं गल्ल्यांतून हिंडताहेत, संध्याकाळी दिवे मोजकेच आहेत, म्हणून चांदणं थेट अंगणात उतरलंय, आणि त्या चांदण्यात दमलेली माणसं शांत झोपलीत. अंधारात सरांना ते सगळं दिसायला लागलं. इतकं सुंदर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात तासाची घंटा झाली! सगळे हलले, दिवे लागले. मग टाळ्यांचा काय कडकडाट झाला म्हणता! जो जास्त झोपला होता, त्याच्या टाळ्या जास्त जोरात.

"शेवटचा भाग तर काळजाला भिडला!" अध्यक्षबाई रुमालानं हनुवटी पुसत म्हणाल्या. वायरमननं मीटर दाखवलं. व्याख्यानात वीज जवळजवळ जळलीच नव्हती. केंद्र वाचलं! वर शिफारस झाली, की सरांची व्याख्यानं दुपारच्या जेवणानंतर प्रत्येक विभागात ठेवावीत. बचत होईल.

"काय सुरेख बोललात हो!" वाटेत बायको म्हणाली. चेहरा कसा टवटवीत झाला होता.

"तू ऐकलंस?" सरांनी आशेनं विचारलं.

"एक अक्षर नाही! म्हणून तर म्हणते."

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, दुपारचं ते परत सांगा ना."

सरांना भरून आलं. निदान घरात तरी एक श्रोता मिळाला! ते उठून बसले, घसा खाकरला आणि मनापासून सुरुवात केली. प्रस्तावना संपायच्या आत ती घोरायला लागली. सर मात्र पहाटेपर्यंत बोलत जागे राहिले. चांदण्याचा भाग अजून राहिलाच होता ना!