आपोआप बिघडलेली सायकल

“बाबा, सायकलला हात लावायचा नाही,” मुलगी निघताना दारातून सांगून गेली होती, आणि फाटकापाशी पोचल्यावर मागे वळून पुन्हा एकदा सांगून गेली होती.

“मी कशाला लावतोय?” दातांचे डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा ते खरंही होतं, कारण तोवर त्यांना ती टिकटिक ऐकू आली नव्हती.

सायकल साधीसुधी नव्हती. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात; हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाडजूड, खडीच्या नि मातीच्या रस्त्यावर पळायला. वर्षभर मुलगी उजाडायच्या आत उठून तिच्यावर घाम गाळत होती, कारण उद्या सकाळी तिची पहिली मोठी शर्यत होती. आज ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलेली ती संध्याकाळी परत येणार होती. तोपर्यंत सायकल घर आणि दवाखाना यांच्यामधल्या बोळात भिंतीला टेकून उभी होती, आणि शनिवार हा दवाखान्याच्या सुट्टीचा वार होता. रिकामा डॉक्टर आणि न समजणारं यंत्र एकाच बोळात आले, तर पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

डॉक्टरांनी चहाचा कप खिडकीत ठेवला, मागचं चाक जरासं उचललं आणि सहज पेडल फिरवून पाहिलं.

टिक. टिक. टिक.

ते वाकले. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड होती, आणि तिच्याखाली साखळीला या चकतीवरून त्या चकतीवर नेणारा एक लोंबता हात होता. त्याला डिरेलर म्हणतात, एवढं मुलीच्या बोलण्यातून त्यांना कळलेलं होतं. पण त्यांचं लक्ष गेलं ते दात्यांकडे. ओळीने बसलेले दात, आणि प्रत्येक फटीत काळी घाण! डॉक्टरांना राहवेना.

“अहो, तिने काय सांगितलंय?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

“हात लावू नको म्हणाली. मी दोऱ्याने साफ करतोय. हात कुठे लागतोय?”

बायकोने बरीच वर्षं संसार केला होता. तिने खिडकी लावून घेतली.

वाकून कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांना आठवलं की आपल्याकडे वरखाली होणारी खुर्ची आहे. त्यांनी सायकल दवाखान्यात नेली, खुर्चीची पाठ सरळ उभी केली, तिच्यावर सायकलची सीट अडकवली आणि पायाने कळ दाबली. खुर्ची वर गेली, मागचं चाक अधांतरी झालं. वरचा दिवा लावला. सायकल अगदी गुणी पेशंटसारखी दिसायला लागली. मग दात साफ करायचा पुदिन्याच्या वासाचा दोरा घेऊन त्यांनी एकेक फट अशी घासली, की चकत्या लखलखल्या आणि खोलीभर पुदिना दरवळला.

पेडल फिरवलं. टिक. टिक. टिक. आता मळ नसल्यामुळे जास्तच स्वच्छ ऐकू येत होतं.

इथे थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण डॉक्टरांचं कुतूहल आता दुखऱ्या दातासारखं झालं होतं, जीभ सारखी तिकडेच जाणार. त्यांनी तोंडात घालायचा छोटा आरसा काढला आणि डिरेलरच्या मागे धरला. तिथे दोन बारीक स्क्रू होते. “हे फिरवलं तर काय होत असेल?” ते स्वतःशीच म्हणाले.

खरं तर हे दोन स्क्रू म्हणजे साखळीचं कुंपण. एक तिला बाहेर पडू देत नाही, दुसरा आत चाकाच्या तारांमध्ये घुसू देत नाही. टिकटिकीशी त्यांचा काही संबंध नसतो. टिकटिक जाते ती गिअरच्या केबलच्या टोकाशी असलेली गोल चकरी पाव फेरा फिरवली की. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आरशात बघत आतला स्क्रू थोडा फिरवला, काही फरक दिसेना म्हणून आरसा खाली ठेवला आणि सरळ डोळ्यांनी बघून तो पुन्हा होता तिथे आणला.

म्हणजे, आणला असं त्यांना वाटलं. जन्मभर आरशात बघून काम केलेला हात तो. डोळ्यांना उजवं दिसलं की डावीकडे वळायची त्याला सवय. आरसा बाजूला ठेवला हे डोळ्यांना कळलं, हाताला कोणी कळवलंच नाही. स्क्रू परत यायच्या ऐवजी आणखी पुढे गेला. डॉक्टरांनी समाधानाने गिअर टाकला आणि पेडल जोरात फिरवलं.

खर्रर्र करून साखळी सगळ्यात मोठी चकती ओलांडून तारांमध्ये जाऊन बसली.

“काय झालं?” बायको धावत आली.

“काही नाही. जरा आत गेली.”

“तुम्ही ड्रिल मारताना पेशंटला हेच सांगता.”

दोघांनी मिळून साखळी ओढून काढली. हात काळे, शर्ट काळा, खुर्चीचं पांढरं रेक्झिन काळं. डॉक्टर स्क्रू आता नक्की कुठल्या बाजूला फिरवायचा याचा विचार करत होते, तेवढ्यात दार वाजलं.

समोरच्या शिवणकाकू होत्या. गल्लीतले निम्मे कपडे त्या शिवायच्या, आणि दोरा कायम दाताने तोडायच्या. आज एक गाल फुगला होता. त्यांनी आत पाहिलं. खुर्चीवर सायकल, वर दिवा, शेजारी ट्रेमध्ये चिमटे मांडलेले.

“आधीचा नंबर आहे का?” काकूंनी गाल धरूनच विचारलं. “मी बाहेर बसते.”

“नाही, नाही, या! झालंच हिचं,” म्हणत डॉक्टरांनी घाईघाईने सायकल उचलली. सीट खुर्चीच्या पाठीत अडकली. त्यांनी हिसका दिला, सीट सुटली, आणि सायकल हातून निसटून उजव्या कुशीवर, म्हणजे नेमकी डिरेलरवर, धाडकन आपटली.

“अगंबाई, लागलं का हो तिला?” काकू म्हणाल्या.

डॉक्टर सायकलकडे वाकले. पण पेशंट तो पेशंट. त्यांनी खुर्ची पुसली, हात धुतले, हातमोजे चढवले, काकूंना बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “घरी काही केलं होतं का?”

“छे हो! आपोआप सुजलं.”

“काकू.”

“आपोआपच.”

“आपोआप सुजतं, पण हिरडीला टोचल्याची खूण आपोआप होत नाही. सुई घातली होतीत ना?”

काकूंनी नजर वरच्या दिव्याकडे वळवली.

“कितीदा सांगायचं? आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यात हात घालायचा नाही! वेळेवर जाणत्या माणसाकडे यायचं. घरच्या घरी खुडबुड केली, की पावलीचं दुखणं रुपयावर जातं.”

दारात उभ्या असलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला. “लोका सांगे ब्रह्मज्ञान,” ती पुटपुटली, आणि म्हणीचा उरलेला अर्धा भाग डॉक्टरांसाठी सोडून आत गेली.

काकू गेल्यावर डॉक्टरांनी सायकल उभी केली. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे आपटलं तर ती वाकावी आणि सायकलचा सांगाडा वाचावा. तिने आपलं काम चोख केलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणाऱ्यानेच अंगण वाकडं करून ठेवलं होतं. वाकडे दात सरळ करणाऱ्या माणसाचा हात आपसूक पकडीकडे गेला.

“खाली ठेवा ती,” बायको म्हणाली. “आणि तिला फोन करून खरं काय ते सांगा.”

“प्रवासात उगाच काळजी कशाला?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी सायकल पुसली आणि बोळात होती तशी, तेवढीच तिरकी, भिंतीला टेकवून ठेवली. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं. छान दिसत होती. पण डॉक्टर तिथून हलेनात. वर्षभर अंधारात उठून निघणारी पोरीची पावलं त्यांनी अंथरुणातून ऐकली होती. ती सगळी मेहनत त्या बोटभर पट्टीवर लटकत होती.

संध्याकाळी मुलगी आली. डॉक्टरांनी पाणी पुढे केलं तर म्हणाली, “गार नको, साधं दे.” जेवायला बसली ती एकाच बाजूने, सावकाश चावत. एरवी समोरचा माणूस नुसता हसला तरी त्याची दाढ किडलीय हे ओळखणाऱ्या डॉक्टरांना आज यातलं काहीच दिसलं नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यांचे कान बोळाकडे लागले होते.

“जरा एक चक्कर मारून बघते,” म्हणत ती उठली.

चक्कर फाटकापर्यंतच झाली. खर्रर्र असा ओळखीचा आवाज आला, आणि मुलगी सायकल ढकलत परत आली. ती खाली बसली, मागून एका डोळ्याने डिरेलर पाहिला आणि चकत्यांजवळ नाक नेलं.

“बाबा, माझ्या सायकलला पुदिन्याचा वास का येतोय?”

“येतोय का? मला नाही येत.”

“हँगर वाकलाय.”

“अरेच्चा! आपोआप?”

मुलगी सावकाश उभी राहिली. लहानपणी शाळेतून आल्यावर ती दवाखान्याच्या बाकावर बसून अभ्यास करायची. पाढ्यांबरोबर आणखीही बरंच काही पाठ झालेलं होतं. एरवी बापाला अरे-तुरे करणारी मुलगी एकदम ‘तुम्ही’वर आली.

“घरी काही केलं होतं का तुम्ही?”

डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“खरं सांगा. लपवलंत तर इलाज कसा करायचा?”

“नुसता दोरा फिरवला,” डॉक्टर म्हणाले. “मग आरशातून पाहिलं. मग एक स्क्रू... आणि मग ती खुर्चीवरून पडली.”

“खुर्चीवरून?”

“काकू आल्या म्हणून.” डॉक्टर सायकलशेजारी खाली बसले. “चुकलं माझं. ती टिकटिक कशाची, एवढंच बघायचं होतं गं. तुझी शर्यत गेली ना?”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. ओरडायला तिने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. मग सीटखालच्या पिशवीतून तशीच एक नवी पट्टी काढली.

“हा हँगर मोडण्यासाठीच असतो, म्हणून जास्तीचा जवळ ठेवतात. बॅटरी धरा. हलवायची नाही.”

डॉक्टरांनी बॅटरी धरली, मागितलं तसं एकेक अवजार पुढे केलं, विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. तिने नवी पट्टी बसवली, दोन्ही स्क्रू जागेवर आणले आणि शेवटी केबलच्या टोकाची चकरी पाव फेरा फिरवली. टिकटिक थांबली.

“एवढंच होतं?” डॉक्टरांना राहवलं नाही.

“एवढंच. येऊन करणारच होते,” ती म्हणाली, आणि खुशीत टायरमध्ये हवा भरायच्या नळीवरचं घट्ट बसलेलं टोपण नेहमीसारखं दातांत धरायला गेली. पण दात लागताच तिने गपकन गाल धरला.

डॉक्टरांनी बॅटरी तिच्या तोंडाकडे वळवली.

“आ कर.”

“काही नाही बाबा.”

“आ.”

डाव्या बाजूच्या दाढेचा टवका उडाला होता, आणि तोही आजचा नव्हता.

“सांगितलं असतं तर तू मला शर्यतीला जाऊच दिलं नसतंस,” मुलगी म्हणाली. आता ‘तू’ परत आला होता.

थोड्या वेळाने ती काळे डाग पडलेल्या खुर्चीत पडली होती आणि वर दिवा लागला होता. बायको दाराला टेकून उभी होती. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, आरसा हातात घेतला आणि सवयीने विचारलं, “घरी काही केलं होतं का?”

“नाही,” उघड्या तोंडाने मुलगी म्हणाली. “आपोआप तुटली.”

बायको कान टवकारून उपदेशाची वाट बघत राहिली. डॉक्टरांनी तोंड उघडलंही. पण बोळात उभी असलेली सायकल त्यांना तिथून दिसत होती.

“होतं असं कधीकधी,” ते म्हणाले, आणि पायाने कळ दाबून त्यांनी खुर्ची वर घेतली.