थंड इंजिनाची चौकशी

“चौकशीच आहे ना? दहा मिनिटांत गुंडाळून येतो,” शर्टाची बटणं लावत डॉक्टर बायकोला म्हणाले.

हे डॉक्टर माणसांचे नव्हेत. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ते इंजिन चालवत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतली धडधड ऐकायची सवय, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. गेल्या सोमवारी त्यांच्या डोळ्यांदेखत एक नंबरच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह तुटला, दोन नंबरचं जोडेपर्यंत दोन दिवस सगळे नळ कोरडे पडले, आणि तेव्हापासून डॉक्टरांना जेवण गोड लागत नव्हतं.

“तुम्ही कमी बोला,” बायको म्हणाली. “जबाबात लिहून दिलंय तेवढंच. तुमची चूक ठरली तर बदली होईल, आणि या खोल्या जातील.”

पंपघरामागच्या त्या दोन खोल्यांत नळाला सदैव पाणी असे. त्याआधी दहा वर्षं तिने तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवल्या होत्या. आता हा नळ सोडून ती माहेरीसुद्धा दोन दिवसांपेक्षा जास्त राहत नसे. जबाबही तिनेच सांगून लिहून घेतला होता: ‘मी रोज इंजिन दहा मिनिटं रिकामं चालवून गरम करतो, मगच पंप जोडतो.’ डॉक्टरांनी खाली मुकाट सही केली होती.

पंपघरात टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर, तुटका व्हॉल्व्ह ठेवला होता. भोवती साहेब, फिटर आणि स्टोअरकीपर सुतकी चेहऱ्यांनी बसले होते.

“डिझेलमध्ये पाणी होतं,” फिटर म्हणाला.

“तपासलंत?” साहेबांनी विचारलं.

“तपासायचं काय त्यात? रंगावरून कळतं.”

डिझेल स्टोअरमधून येई, त्यामुळे स्टोअरकीपरला हे चांगलंच झोंबलं. “व्हॉल्व्ह वाकडा बसवला असणार,” तो म्हणाला.

“तुम्ही पाहिलात?” साहेब म्हणाले.

“पाहायला कशाला हवा? बसवणारा हात माहीत आहे मला.”

असा तासभर गेला. हवेतला दमटपणा झाला, हलणारा पाया झाला, आधीच्या ऑपरेटरची नजर लागली इथवर गोष्ट गेली. व्हॉल्व्हला मात्र कोणी बोट लावलं नाही. तो तपासणीला पाठवायचा तर तीन सह्या लागत, आणि तर्क लढवायला एकही लागत नव्हती.

शेवटी साहेबांनी चष्मा काढला. “मला विचाराल, तर थंड इंजिनावर एकदम पंपाचा लोड टाकला. शंभर टक्के.”

“अगदी बरोबर,” फिटर आणि स्टोअरकीपर एकदम म्हणाले. सकाळपासून त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

डॉक्टरांनी इथे जबाबाकडे बोट दाखवून गप्प बसायचं होतं. पण इंजिनाबद्दल कोणी चुकीचं बोललं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

“थंड इंजिनाने व्हॉल्व्ह तुटत नाही, साहेब.”

“दाखवा सिद्ध करून.”

दोन नंबरचं इंजिन काल रात्रीपासून बंद होतं, बर्फासारखं गार. डॉक्टरांनी ते चालू केलं आणि क्षणाचाही दम न घेता पंप जोडला. स्टोअरकीपर दाराआड गेला. साहेब भिंतीला चिकटले. इंजिनाने काळा धूर ओकला, दोनदा खोकलं आणि चालायला लागलं. पाच मिनिटं झाली, वीस झाली. डॉक्टर कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून डोळे मिटून उभे होते. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं.

“मी चुकलो,” साहेब म्हणाले. माणूस मनाचा मोठा होता.

“आज चाललं हो,” दाराआडून स्टोअरकीपर म्हणाला. “रोज असं केलं तर चालेल का?”

“न चालायला काय झालं?” डॉक्टर कडाडले. “अकरा वर्षं रोज असंच तर चालू करतोय!”

इंजिन धडधडत होतं. साहेबांनी हळूच फाइल उघडली, जबाब वाचला, खालची सही पाहिली आणि फाइल मिटली. फिटरने डॉक्टरांसाठी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

आदेश चौथ्या दिवशी आला. व्हॉल्व्ह तुटण्याचं कारण: समजू शकले नाही. थंड इंजिन: निर्दोष. खोट्या जबाबाबद्दल ऑपरेटरची बदली, खोल्या आठवड्यात रिकाम्या कराव्यात. नव्या ऑपरेटरने इंजिन गरम करण्यात वेळ घालवू नये.

बायकोने तो दोनदा वाचला. ती रडली नाही, भांडलीही नाही, आणि त्यामुळे डॉक्टर फारच घाबरले.

“पण साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मी चुकलो,” ते हळूच म्हणाले. “तू ऐकायला हवं होतंस.”

बायकोने माळ्यावरच्या बादल्या एकेक करून खाली त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली.

“धरा,” ती म्हणाली. “या वेळी तुम्ही चढवायच्या आहेत.”