पंचमावर ड्युटी
कार्यक्रमाला निघताना प्रोग्रामरच्या बायकोने व्हायोलिनची पेटी उचलता उचलता विचारलं, "तंबोऱ्यातून ऑफिस काढलंस ना?"

"चालत्या प्रोग्रामला हात लावू नये," तो म्हणाला. त्याच्या धंद्यात या वाक्याला शास्त्राधार मानतात.

तंबोरा म्हणजे त्याच्या लॅपटॉपमधला, त्याने स्वतःच लिहिलेला. सर्व्हरवर नजर ठेवायच्या ड्युटीत रियाज बुडू नये म्हणून त्याने ऑफिसचा सर्व्हर त्या तंबोऱ्याला जोडून टाकला होता. सर्व्हर खुशीत असला की तारा सुरात. त्याच्यावर ताण आला की पंचमाची तार हळूहळू उतरायची. लॅपटॉपच्या पडद्याकडे बघायला नको. हा तंबोरा ऑफिसातही दिवसभर बारीक आवाजात चालू असे. त्यामुळे टीममधल्या कुणाला सा की रे कळत नसला, तरी पंचम उतरला की सगळ्यांचे हात एकदमच कीबोर्डकडे जात.

गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कीबोर्ड बडवणाऱ्या बोटांना मींड येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि कीबोर्ड बडवणाऱ्यांच्या कानांबद्दल तर त्याहून ठाम. "हा कार्यक्रम ऐकतो," ते म्हणाले होते, "मग तुला पुढे शिकवायचं की नाही ते ठरवतो." वर्षानुवर्षांची शिकवणी एका संध्याकाळवर येऊन टेकली होती.

त्या संध्याकाळची ड्युटी कासवाने घेतली होती. लॅपटॉपची पिशवी पाठीवरून कधीच उतरत नसल्यामुळे ऑफिस त्याला कासव म्हणे. पण प्रोग्रामरने पडद्याआडून पाहिलं, तर कासव अख्ख्या टीमसकट मधल्या रांगेत बसलेला.

"अरे, ड्युटी?" त्याने फोनवर कुजबुजत विचारलं.

"ड्युटीच करतोय की. तुझा तंबोरा ऐकायला आलोय," कासव म्हणाला. यात तर्काची चूक काढता येईना.

सर्व्हर कॉलेजांचे निकाल लावणारा होता. निकाल सोमवारी लागायचे होते. पण कुठल्याशा साहेबांना शनिवारी संध्याकाळी अचानक जनतेचं भलं करावंसं वाटलं, आणि आलाप नुकताच रंगू लागला असताना हजारो विद्यार्थी एकदमच सर्व्हरवर तुटून पडले.

पंचम उतरू लागला.

प्रोग्रामरचा गज पंचमावर टेकणारच होता, तो हवेतच थांबला. उतरलेल्या तारेशेजारी खरा पंचम लावावा तर स्वतःच बेसूर वाटणार. तो मध्यमावर परतला. गंधाराकडे जाऊन आला. पंचमाला वळसा घालून धैवताला शिवून आला. उधारी थकलेल्याने वाण्याचं दुकान टाळावं तसा तो पंचम टाळत होता. शेजारी तबलजीने, दोष आपलाच असणार असं समजून, हातोडी काढून निरपराध तबला ठोकून पाहिला. पहिल्या रांगेत गुरुजींनी डोळे उघडले.

तेवढ्यात मधली रांग उठली. कासव पुढे आणि टीम मागे, सगळे कमरेत वाकून निघून गेले. गुरुजींनी मान वळवून ती मिरवणूक दाराबाहेर जाईपर्यंत पाहिली. संपलं, प्रोग्रामरने मनात म्हटलं, आणि आता गमवायला काही उरलं नाही म्हणून तो अगदी निवांत वाजवू लागला.

बाहेर पायऱ्यांवर कासवाने लॅपटॉप उघडला आणि पडून असलेले जादा सर्व्हर कामाला लावले. आत पंचम दमलेल्या माणसासारखा एकेक पायरी चढत वर आला. तो जागेवर पोचला त्याच क्षणी प्रोग्रामरने त्याच्यावर गज टेकवला. सभागृहातून एकच "अहाहा" उमटला. मधली रांग वाकूनच परत आली आणि समाधानाने बसली.

कार्यक्रमानंतर गुरुजी आत आले. बायकोने घाईघाईने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तुझा तंबोरा उतरला होता."

"हो, गुरुजी."

"आजवर तू पंचमावर बस पकडल्यासारखा उडी मारायचास. आज पहिल्यांदा त्याची वाट पाहिलीस." मग जरा थांबून, "मधल्या रांगेतली ती मंडळी कोण?"

"ऑफिसातली," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"पंचम उतरला तशी उठून गेली. सुरात आला तशी परत येऊन बसली. अरे, इतके कडक कान मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत." गुरुजी आता खुर्चीत बसले. "शिकवणी चालू राहील. आणि ती नोकरी सोडू नकोस. पुढच्या महिन्यात मी वाजवतोय. त्यांना पहिल्या रांगेत बसव. त्यांची पसंती मला बघायची आहे."

बायकोने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. खरं सांगण्याची हीच वेळ होती. ती त्याने जाऊ दिली. चालत्या गोष्टीला हात लावू नये.

सोमवारी बातमी ऐकून कासवाचा चेहरा पडला. मान केव्हा डोलवायची हे कुणाला कळणार होतं? कासवाने पाठीवरची पिशवी पुढे ओढली.

"गुरुजींचा तंबोरा लाकडी आहे ना?"

"हो. का रे?"

"काही नाही," कासव पिशवीची चेन उघडून एक वायर बाहेर काढत म्हणाला, "आतून पोकळ असतो ना तो?"