कासमचाचाचा पहिला नंबर

“हात लावू नका कुणी! आधी मी! बाजूला व्हा, आधी मी!”

गुरुवारी सकाळी सौदीतल्या थुवालच्या मासळी धक्क्यावर कासमचाचा ओरडत होता. आवाज असा, की लाल समुद्रापलीकडे सुदानातल्या कोंबड्या खुराड्यात दचकल्या असतील. आणि भांडण कशावरून? फ्लूच्या फुकट इंजेक्शनवरून!

मी खेडचा. बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फिरत्या दवाखान्यावर ब्रदर आहे. दर गुरुवारी आमची पांढरी गाडी धक्क्यावर लागते. सौदी कोळी असो, बंगाली जाळीवाला असो की आपला कोकणी मिस्त्री, रांग एकच आणि पैसे शून्य. ह्या शून्यानेच कासमचाचाची झोप उडवलेली. चाचा मूळचा हर्णैचा. तीस वर्षं इथे बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय आणि ह्या दुनियेत त्याचा स्क्रूवरसुद्धा विश्वास नाही. नवा स्क्रू आला की आधी चावून बघतो.

“फुकटच्या मासळीला काटे दुप्पट,” हे त्याचं पालुपद. “आज रक्त काढतील, उद्या इकामा, म्हंजे इथं राहायचा परवाना, काढून घेतील. बघच तू.”

बलदियाने किनाऱ्यावर बाकडी टाकली, तर पहिल्या दिवशी हा पठ्ठ्या एकटाच तासभर बसला आणि वर तीनदा उड्या मारून आला. थंड पाण्याची टाकी बसवली, तर पहिला पेला ह्याचाच. पेला संपवून घड्याळ छातीवर ठेवून सावलीत आडवा झाला. अर्ध्या तासाने उठला आणि म्हणाला, “पोट गप्प हाय. प्या.” तेव्हा कुठे धक्का पाणी प्यायला. पुढे पुढे तर सौदी म्हाताऱ्याही विचारायच्या, “कासिम प्यायला का?”

मला मात्र ह्या माणसाचा दाट संशय होता. प्रत्येक फुकट गोष्टीला शिव्या घालायच्या आणि पहिला हात तिथेच मारायचा, हे काय गौडबंगाल? मी म्हटलं, म्हातारा हावरट आहे. बलदियाचा साहेब फहद तर दोन पावलं पुढे. “ह्याच्याकडे बघितल्याशिवाय इथे कुणी हलत नाही,” तो मला हळूच म्हणायचा. “हा नक्की कसल्यातरी टोळीचा मुकादम आहे. अफवा हाच पसरवतो.”

त्या गुरुवारी फहद मुळातच पेटलेला होता. वरून निरोप आलेला : आज खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर गाडी दुसऱ्या गावाला. आणि समोर उम्म सालेह, एका सौदी कोळ्याची म्हातारी आई. साखरेने तिच्या पायाला जखम झालेली, दर आठवड्याला ड्रेसिंग हवं, पण बाई मुलाच्या गाडीतून उतरायलाच तयार नाही. पांढऱ्या गाडीत नेऊन पाय कापतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं.

त्यात हा चाचाचा आरडाओरडा. फहद कडाडला, “खलास! आज हा सगळ्यांच्या शेवटी!”

आणि दंडाला धरून त्याने चाचाला रांगेच्या टोकाला नेऊन उभं केलं. अहो, डोळ्याची पापणी लवायच्या आत अख्खी रांग उठली आणि चाचाच्या मागे जाऊन उभी राहिली. चाचा पुन्हा पहिला! फहदने परत त्याला टोकाला नेलं. रांग परत फिरली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा रांग समुद्रात गेली असती.

“घे बाबा ह्याला आधी,” घाम पुसत फहद मला म्हणाला.

चाचा आत आला. “सुईत काय हाय? वास दे.”

“चाचा, सुईला वास नसतो.”

“मग संशय जास्त. मेल्या, खेडचा हायस म्हणून हात देतोय. खोटं निघालं तर तुझ्या बापाला फोन करीन.”

टोचून घेतल्यावर दारातल्या खुर्चीत तो पंधरा मिनिटं बसला, नजर घड्याळावर. बाहेर सौदी, बंगाली, कोकणी, सगळे ईदचा चांद शोधावा तसे त्याच्या थोबाडाकडे बघत उभे. वेळ भरली. चाचा उठला, पायऱ्या उतरून थेट उम्म सालेहच्या खिडकीशी गेला आणि विजार गुडघ्यापर्यंत वर केली.

“दोन!” मोडक्या अरबीत तो गरजला. “नेले तेवढेच परत आणलेत! मोजून घे! यल्ला, चल!”

म्हातारी बुरख्याआडून खळखळून हसली आणि मुलाचा हात धरून उतरली. आमच्या सिस्टरने तिला आत घेतलं. तिच्यामागे अशी झुंबड उडाली की दुपारपर्यंत इंजेक्शनं संपली. गाडी इथेच राहणार, असं फहदने वर कळवूनही टाकलं.

आवराआवर करताना चाचाचा फॉर्म हातात आला. नाव, वय, इकामा, सगळं भरलेलं. एकच रकाना कोरा. मी तो घेऊन धक्क्यावर गेलो. चाचा एका बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसला होता.

“चाचा, एवढं राहिलं. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं?”

त्याने डोकं बाहेर काढलं नाही.

“कुणाला नाय,” तो म्हणाला. “म्हणून तर मी पहिला जातो.”